धूर सरपणाचा नसतो

बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्यांवरून आमच्या घरच्या ग्रुपवर परत जुंपली आहे. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हापासून हा विषय निघाला की मावसभाऊ फिरून माझ्यावर येतो: "नॉर्वेत तुम्ही हौसेने लाकडं जाळणार, आणि हवा आम्ही सांभाळायची?"

हौसेने! उणे अठरात जरा येऊन बघ म्हणावं.

मुळात लाकडावर वाद घालणंच चुकीचं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते जाळलं की आगीची बरीच ताकद पाणी आटवण्यात जाते. घर तापत नाही, स्टोव्हची काच काळवंडते आणि धुराड्यात डांबर साचतं. हेच डांबर एखाद्या रात्री पेट घेतं. म्हणून बर्च, म्हणजे इथल्या सरपणाचं झाड, हिवाळा सरता सरता फोडायचा, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवायचा आणि ओलावा २० टक्क्यांखाली आला की मगच घरात घ्यायचा. पेटवायचं वरून. जाड लाकडं तळाशी, काड्या माथ्यावर, म्हणजे खालून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो. धूर म्हणजे न जळलेलं इंधनच की! आणि झोपताना स्टोव्ह ठासून भरून हवेची झडप बंद करायची नाही. थोडंच लाकूड घाला, पण भडकून जळू द्या. ऊब धरून ठेवायला स्टोव्हचा सोपस्टोन दगड आहे. बेडरूम गारच बरी.

१९९८ पासून इथे नवा स्टोव्ह उत्सर्जनाच्या निकषात बसावा लागतो, धुराडं तपासायला नगरपालिकेचा माणूस येतो. सांगा, आपल्याकडे धुराड्याबद्दल कोण बोलतं?

हे सगळं मी ऐटीत लिहितो. नॉर्वेतल्या सूक्ष्म कणांच्या उत्सर्जनात घरोघरचं लाकूडच आघाडीवर आहे, एवढं मात्र लिहीत नाही. (मावसभावाला अजून ते सापडलेलं नाही.) ऑफिसात उलटा प्रकार. भारतातल्या चुलींबद्दल कुणी हळहळलं की मी चुलीची बाजू घेतो, जणू लहानपण चुलीपुढेच गेलं. आमच्याकडे गॅस होता. आजीच्या स्वयंपाकघरात डोळे चुरचुरले की मी अंगणात पळायचो, ती फुंकणी घेऊन बसून राहायची. लाकूड पेटवायला मी शिकलो ते इथे, शेजाऱ्याकडून. माझी रास बघून तो नुसतं "ठीक" म्हणाला, तेव्हा किती हरखलो होतो, ते घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

परवा माझ्या लांबलचक मजकुराखाली मोठ्या मावशीने एवढंच विचारलं, "सरपण आणतं कोण रे?" तिने उभी हयात चुलीवर रांधलं, मोळ्या डोक्यावरून वाहिल्या. माझं सरपण ट्रॅक्टरने दारात येतं, फोडायला शेजाऱ्याचं यंत्र आहे. मी मावसभावालाच उत्तरं देत राहिलो.