ऑक्टोपसला तिकिटं किती?

परवा रविवारी बेळगावात आमच्या अनगोळातल्या गल्लीत उन्हाळी शिबिराची सांगता झाली आणि माझ्या हातात शाल-नारळाऐवजी रंगाच्या घाण पाण्याची बादली आली. बादली मंडळाची, तेव्हा ती पण धुऊन द्या म्हणाले.

शिबिर चार दिवसांचं, पोरं अठरा, वय पाच ते आठ, विषय 'चित्रातून समुद्र'. विषय मीच सुचवलेला, हौस दुसरं काय. आमच्याकडच्या पोरांना समुद्र म्हणजे चोर्ला घाटात ओकत ओकत गोव्याला गेलं की दिसतो तो, आणि मासा म्हणजे ताटातला. तयारी पण केलेली जोरात. भेंडी आडवी कापून रंगात बुडवून दाबली की पाच कोपऱ्यांचा ठसा, झाला स्टारफिश. पांढऱ्या मेणखडूने लाटा काढायच्या नि वरून निळा वॉटरकलर फिरवायचा, मेणावर पाणी ठरत नाही, लाटा आपोआप वर येतात. ऑक्टोपस तर सगळ्यात सोपा, दोन्ही तळवे रंगवा, अंगठे दुमडा, बोटं खाली करून ठसे उमटवा, चार नि चार आठ हात. दीड किलो भेंडी लागली. माझ्या पैशाची. उरलेली मंडळातल्या कोणीतरी घरी नेली, ती पण निळी झालेली वगळून.

तर मामा. नातवाला सोडायला यायचे आणि मागच्या खुर्चीवर बसून राहायचे. रिटायर्ड कंडक्टर, निम्मं आयुष्य बेळगाव-पणजी रूटवर गेलेलं, त्यामुळे समुद्र जणू त्यांच्याच डेपोत उभा असतो.

मी बोर्डवर ऑक्टोपस काढला. मागून आवाज.

"टीचर, हे काय काढलासा? वांगं?"

"ऑक्टोपस आहे, मामा."

"बरं. हात किती?"

"आठ."

"मग तिकिटं किती फाडायची?"

पोरं लोळायला लागली. मी दात ओठ खाऊन हसले (हसावं लागतं, नातू पहिल्या रांगेत होता). तेवढ्यात एका पोरीने अंगठे दुमडलेच नाहीत, तिचे दहा हात झाले. मी संधी साधली, म्हटलं चुकलं नाही गं, ही माणकी, हिला आठ हात आणि वर दोन लांब, भक्ष्य धरायला. तर मामा लगेच, "माणकी होय! पणजी स्टँडच्या मागं रवा लावून काय करायचा एकजण..." आणि पुढची दहा मिनिटं माझा क्लास खानावळीत. मीठ भुरभुरून ओल्या रंगात बुडबुडे कसे उमटतात ते मी दाखवत होते, त्यावर "सुकट घालताव काय टीचर?" हा पण त्यांचाच.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने ज्ञानावर आले. ऑक्टोपसला तीन हार्ट असतात, रक्त निळं असतं कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं, दोन हार्ट रक्त कल्ल्यांकडे ढकलतात आणि एक बाकी अंगाला... पोरांचे डोळे शेंबडासारखे वितळायला लागले. मामा उठून बोर्डाजवळ आले. विचारणं बिचारणं नाही.

"बघा रे. दोन हार्ट म्हणजे लोकल गाड्या. कल्ल्यापर्यंत जायचं, हवा भरून यायचं. तिसरं एक्सप्रेस, सगळ्या अंगाला फिरतंय. आणि टीचर, पवताना एक्सप्रेस बंद पडतीया म्हणे?"

हे मीच पहिल्या दिवशी सांगितलेलं, पोहताना ते हार्ट थांबतं म्हणून ऑक्टोपसला सरपटणंच परवडतं. कोणी ऐकलं नव्हतं. मामांनी ऐकलेलं.

"माजं पण तसंच की," मामा म्हणाले नि शर्टच्या बटणावर हात ठेवला. "घाट चढला की बंद. दोन स्टेंट हाईत. मी पण आता सरपटतोय."

पोरं गप्प. मग एकाने विचारलं, मामा, तुमचं रक्त निळं आहे काय. मामांनी बाही वर करून शिरा दाखवल्या आणि सगळी पोरं हात धरून रांगेत उभी. अठरा पोरांनी लोकल-एक्सप्रेस पाठ केली. माझं तांबं कोणाला आठवेना.

त्यात खानापूर तालुक्यातलं पाणी कसं दोन रूटने जातं हे पण त्यांनीच घुसडलं, कणकुंबीची मलप्रभा कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला आणि म्हादई पणजीला. विषय समुद्राचा म्हणून मी गप्प बसले. माझ्या क्लासमध्ये.

सांगतेला बॅनर. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम, तो बरोबर पाळलेला, उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, शिबिराचं नाव, प्रायोजक, प्रायोजकाचा फोटो. माझं नाव कुठेच बसलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, टीचर, तुम्ही आपल्याच की. आपलं माणूस म्हणजे बिनपगारी हे मला आता ठाऊक झालंय. मग माईकवर, "समुद्री जीवनाबद्दल मुलांना मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल..." आणि शाल मामांच्या खांद्यावर. नारळ. बेळगावची मिठाई, कुंद्याचा डबा. पोरांच्या टाळ्या तर अशा की मला वाईट वाटायला पण सवड मिळाली नाही.

मी नळावर बादली घासत होते तर मामा शाल सावरत आले. डबा उघडला, कुंद्याची एक वडी कागदावर ठेवली.

"घ्या टीचर. पुढच्या वर्षी देवमासा मी घेतो. तुम्ही रंग तेवढा कालवा."

कुंदा चांगला होता. हाताला निळा रंग होता, तो पण गेला पोटात.