स्वप्नातला ड्रॅगन मृत्यूची खूण नाही

"स्वप्नात ड्रॅगन दिसला की घरात मृत्यू, एकशिंगी घोडा दिसला की धनलाभ, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी सिद्ध केलंय," असा मजकूर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

माझ्या भाचीने तो वाचला आणि दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. आईचा श्वास चालू आहे ना, हे ती अंधारात वाकून वाकून बघत होती. म्हणून हे लिहितोय.

युंग यांनी पुराणकथांमधल्या प्राण्यांवर खूप लिहिलं, पण प्रतीकांना ठरीव अर्थ चिकटवायला त्यांचा विरोधच होता. स्वप्न कुणाचं, तो माणूस कोणत्या परिस्थितीत आहे, हे आधी बघा, असं ते सांगत. दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नार्थकार आर्टेमिडोरससुद्धा स्वप्न पाहणाऱ्याचा व्यवसाय आणि परिस्थिती विचारात घ्यायचा. आणि ड्रॅगन तरी एक कुठे आहे? चीनमध्ये तो पाऊस आणि भरभराट आणणारा, युरोपच्या कथांत आग ओकणारा वैरी.

ठळक स्वप्नं बहुतेक रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भरभर हलत असतात त्या झोपेत, पडतात. ही झोप १९५३ साली शोधनिबंधातून जगापुढे आली. त्या वेळी मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात चालतात आणि तर्क करणारा पुढचा भाग मंदावतो. त्यामुळे पंखवाला साप तेव्हा खराच वाटतो.

तेच भयस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दिवसा त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज मनात घोळवायचा, अशी एक उपचारपद्धत आहे. तिचा अनेकांना उपयोग होतो.