महिला दिनासाठी थोर स्त्री कशी तयार करावी

मार्च जवळ आला की प्रत्येक अंकाला एक थोर स्त्री हवी असते, आणि ती परदेशी असली तर विशेष बरे, कारण तिचे नातेवाईक पत्र पाठवून चुका दाखवत नाहीत. यंदा मी एका मासिकासाठी नायजेरियाच्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्यावर चौदाशे शब्द लिहून दिले. छापून आले तेव्हा साडेतीनशे उरले होते, शीर्षक 'आफ्रिकेची सावित्रीबाई' असे होते आणि सोबत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या त्यांच्या मुलाचे, म्हणजे फेला कुटी यांचे, छायाचित्र होते. "मॅडम, लोकांना तेच ओळखीचे आहेत," असे संपादकांनी फोनवर समजावले. मी समजले. आता तुम्हीही समजून घ्या.

पहिली गोष्ट अशी, की आपली नायिका कोणाची तरी आई आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

'नायजेरियात मोटार चालवणारी पहिली स्त्री' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात यावे. ते खरे आहे की नाही, हे तपासण्याच्या फंदात पडू नये.

नायिका शिक्षिका असेल, तर तिने ज्ञानाची ज्योत पेटवली असे लिहून मोकळे व्हावे. कोणाला काय शिकवले, यात शिरू नये. शिरलात तर पंचाईत होते. 1932 मध्ये या बाईंनी अबेओकुटा शहरात शिकलेल्या, सुस्थितीतल्या स्त्रियांचे मंडळ काढले, इथपर्यंत सगळे हळदीकुंकवाइतके निरुपद्रवी आहे. पण 1944 मध्ये बाजारात बसणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे वाचायला शिकू लागल्या, आणि या स्त्रियांनी बाराखडीबरोबर आपली गाऱ्हाणीही आणली: अधिकाऱ्यांची माणसे तांदूळ उचलून नेतात, नवऱ्याने कर भरला तरी बायकोला वेगळा भरावा लागतो, आणि मुलगी कर देण्याच्या वयाची झाली की नाही हे ठरवण्यासाठी तिचे कपडे उतरवून पाहतात. हे वाक्य संपादकांना 'अंकाच्या सूराला धरून' वाटले नाही. वसुली करणाऱ्यांना ते कृत्य सूर सोडून वाटले नव्हते, हे आपण सोडून देऊ. 1946 मध्ये मंडळाची महिला संघटना झाली आणि बाजारातल्या स्त्रिया तिच्यात हजारोंनी आल्या. मोर्चाला परवानगी नाकारली, तर बाई म्हणत की आम्ही सहलीला निघालो आहोत. अश्रुधुराची नळकांडी उचलून परत कशी फेकायची, याचेही त्यांनी धडे दिले. शिक्षिकाच त्या! 1947 मध्ये हजारो स्त्रिया राजवाड्यासमोर रात्रभर बसून राहिल्या, पुढच्या वर्षी स्त्रियांवरचा कर थांबला, आणि इंग्रजांच्या आशीर्वादाने गादीवर बसलेल्या अलाकेला, म्हणजे तिथल्या राजाला, जानेवारी 1949 मध्ये पायउतार व्हावे लागले. या सगळ्याच्या जागी छापलेल्या लेखात एकच वाक्य होते: 'त्यांनी महिलांच्या प्रश्नांवरही काम केले.' त्या 'ही'ला माझा साष्टांग नमस्कार.

1947 च्या लंडनमधील राष्ट्रवादी शिष्टमंडळात त्या एकट्या स्त्री होत्या, हे ठेवावे. इंग्रजी राजवटीत आमच्या स्त्रियांचे स्थान खालावले, असे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात लिहिले, हे काढावे.

1959 मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली, त्या स्वतंत्र उभ्या राहिल्या आणि पडल्या, हेही काढावे. थोर स्त्रिया हरत नसतात.

शेवटी निधन. तिथे छापले आहे, 'अल्पशा आजाराने'.

अहो, अल्पशा आजाराने? 18 फेब्रुवारी 1977 रोजी लागोसमध्ये सैनिकांनी फेला यांच्या घरावर हल्ला केला आणि शहात्तर वर्षांच्या त्यांच्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत आणि 13 एप्रिल 1978 रोजी गेल्या. सरकारी चौकशीने घर जळाल्याचा ठपका निदान एका 'अज्ञात सैनिका'वर तरी ठेवला होता; तुम्ही तो सैनिकही पुसून टाकलात. 'वाद नको' म्हणे! लाज वाटायला हवी होती. जिचा सगळा जन्म वादात गेला, तिच्यावर लेख मागवताना तुम्हाला वाद नको असेल, तर पाककृती छापा. पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, कोपऱ्यात नको, आणि छायाचित्र त्यांचे द्या. ते मी लेखासोबतच पाठवले होते. मेल उघडून पाहा.