घडवणारे हात, लावणारे हात

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातला एक वाद इथे जर्मनीतही फोनवर येऊन पोचतो: पणत्या-कंदील फक्त ‘आपल्या’ माणसांकडूनच घ्या. म्हणजे घडवणाऱ्याचा धर्म आधी पाहा. मला हे अजिबात पटत नाही. का, ते फ्रँकफर्टच्या ज्यू दिव्यांवरून सांगते.

१४६२ पासून इथल्या ज्यूंना युडेनगासे नावाच्या एकाच गल्लीत राहावं लागे. चांदीकाम करणाऱ्यांच्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागीर संघात, त्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे हनुक्का या त्यांच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचे चांदीचे दिवे ख्रिस्ती कारागीर घडवत. योहान आडाम बोलर त्यांतला नामांकित. फुलं, वेली, प्राणी सगळे त्या शहराच्या तेव्हाच्या धाटणीचे. नियम मात्र गिऱ्हाइकाचे. आठ ज्योती शक्यतो एका रांगेत, एका उंचीवर. नववी, म्हणजे शमाश, वेगळी दिसेल अशी, कारण आठांच्या उजेडात काम करायचं नसतं. प्रत्येक वातीला स्वतंत्र वाटी. ज्वाला एकमेकींत मिसळल्या तर शेकोटी होते, आणि ती दिवा म्हणून धरत नाहीत. शुक्रवारी मावळतीला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि मग दिवा पेटवायचा नसतो. म्हणून त्या दिवशी हे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी, सूर्य मावळण्यापूर्वी लावतात, आणि अंधार पडल्यावरही ते अर्धा तास जळायला हवेत. म्हणून वाटीत साधारण दीड तासाचं तेल मावावं लागतं. उथळ वाटी कितीही नक्षीदार असली तरी त्या दिवशी निकामी.

शब्बाथचा टांगता पितळी दिवा तर आणखी बोलका. चांदणीसारखी टोकं, प्रत्येक टोकात वात, खालीवर करायला दातेरी पट्टी. वातीवाटे तेल ठिबकतं, म्हणून खाली वाडगं. मध्ययुगात असे दिवे ख्रिस्ती घरांतही असत. त्यांनी ते सोडले, ज्यूंनी ठेवले, आणि पुढे ते ज्यूंचीच ओळख झाले. मोरोक्कोतल्या ज्यूंच्या हनुक्का दिव्यांवर तिथल्या इमारतींच्या नालाकृती कमानी येतात. शेजार नक्षीत उतरतोच.

आपल्या कोकणात हे उलट्या बाजूने घडलं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचं तेल घेणारे बहुतेक शेजारी हिंदू आणि मुसलमान होते.

कुंभाराला चार पैसे मिळावेत हाच हेतू असेल तर गाव विचारा, पणती पाझरते का पाहा, भाव पाडू नका. धर्म विचारून यातलं काहीच साधत नाही.