घरच्या बागेचा हिशोब

वडील गेल्यापासून आमची देवगडची हापूसची कलमं दर वर्षी व्यापाऱ्याकडे कराराने जातात. गेल्या हंगामात मी हट्टाला पेटलो. दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि बाग स्वतः केली. फवारण्या, राखणीचे गडी, पेट्या, पेंढा, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं मिळून १ लाख ७० हजार गेले. पट्ट्या, म्हणजे दलालाकडून येणारे विक्रीचे हिशोब, आल्या ३ लाख १० हजारांच्या. म्हणजे १ लाख ४० हजार सुटले! काका खूश. "आपलीच बाग, आपलेच हात, मगे खर्च कसलो?"

तोच तर न दिसणारा खर्च. व्यापारी ९५ हजार द्यायला तयार होता, आणि रजेत बुडालेला पगार ७६ हजार. बाग देऊन नोकरीवर राहिलो असतो तर १ लाख ७१ हजार हातात असते. थोडक्यात, मी ३१ हजारांनी मागे. वर तुडतुडे आणि अवकाळीचा घोर फुकटचा, तो एरवी व्यापाऱ्याच्या डोक्याला असतो.

ऑस्ट्रियाचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश फॉन वीझर यांनी नावारूपाला आणलेली ही कल्पना, म्हणजे एक पर्याय निवडताना सोडलेल्या पर्यायातून जे मिळालं असतं तोही खर्चच, आपल्या पाठ्यपुस्तकांत 'संधी खर्च' म्हणून येते. तिची परीक्षेपुरती व्याख्या सगळ्यांना पाठ, पण लोक चुकतात कुठे, तर सोडलेलं सगळंच बेरजेत धरतात. धरायचा फक्त एकच, सगळ्यात चांगला पर्याय, आणि तोही खरोखर आपल्या आवाक्यातला. "तेव्हा अमुक शेअर घेतला असता तर" ही नुसती हळहळ झाली.

आमच्या मावसभावाचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये हायवेलगत १० लाखांचा प्लॉट घेतला, २०२३ मध्ये २० लाखांना विकला. दुप्पट, म्हणून लग्नाकार्यात अजून सांगत फिरतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम ७.२ टक्के. त्या वेळी बँका ठेवींवर साडेआठच्या आसपास देत होत्या. त्या दराने, कर बाजूला ठेवला तर, साडेबावीस लाखांच्या वर झाले असते, तेही कुंपण न घालता आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून न भांडता.

हे सगळं पट्टीच्या पाठीवर मांडून काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"रोज सकाळी कलमांत फिरलंस, ता खंय धरलंस?"

धरलं नव्हतं. ३१ हजारांत ते स्वस्त पडलं की महाग, हे अर्थशास्त्र मला सांगणार नाही, ते माझं मलाच ठरवावं लागेल. काल व्यापाऱ्याचा फोन आला, यंदा १ लाख ५ हजार म्हणतोय. अजून हो म्हटलेलं नाही.