वजन उचलल्याने उंची खुंटत नाही

"अठरा वर्षांपर्यंत वजन उचलू नये, उंची खुंटते, समुद्रावर रोज धावले की सगळी ताकद येते, मुलींना तर जोर-बैठकांची गरजच नाही," असा मजकूर सध्या कोकणातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो वाचून मुलांचा व्यायाम बंद करणारे पालक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेमुळे. या कूर्चेला इजा होऊ शकते हे खरे. पण ती पडझडीने किंवा देखरेखीशिवाय झेपेल त्याहून जास्त वजन उचलल्याने होते. जाणत्या माणसासमोर, हलक्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची कमी झाल्याचा पुरावा नाही. कबड्डीत उडी मारून जमिनीवर येताना गुडघ्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि भरलेला हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या मुलीला आपण कधी अडवलेले नाही.

धावण्याने दम वाढतो, यात वाद नाही. परंतु शरीर ज्याचा सराव करावा त्यातच प्रामुख्याने सुधारते. पोलीस भरतीसाठी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पहाटे धावणाऱ्या मुलांचेच पाहा: मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे असते, शिवाय गोळाफेकही असते. लांब पल्ल्याच्या संथ धावण्याने १०० मीटरचा वेग फारसा वाढत नाही. त्यासाठी मध्ये पुरेशी विश्रांती घेत मारलेल्या छोट्या, जोरकस धावा आणि उड्या लागतात. गोळा तर पाय, कंबर आणि पाठ यांच्या ताकदीवर जातो, आणि ती बैठका, जोर व वजनाच्या व्यायामाने येते. वयात येण्याआधी ही ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्याने वाढते, त्यामुळे दंड फुगलेले दिसले नाहीत तरी व्यायाम वाया गेलेला नसतो. सराव सोडला की मात्र काही आठवड्यांत ती ओसरू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेमके हेच घडते.

मुलींबद्दलचा दावा तर हानिकारकच आहे. हाडांचा मोठा साठा पौगंडावस्थेतच तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, तो मुलामुलींना सारखाच.

पाऊस असेल तर पडवी पुरते. सुरुवातीला वजन न घेता बैठका घालाव्यात. टाचा जमिनीवर टेकलेल्या आणि पाठ सरळ राहू लागली, की मगच हातात अर्धी भरलेली पाण्याची बाटली द्यावी.