एमआरआयवाला तो मेसेज अर्धवट आहे बाप्पा

नागपूरच्या ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला, की एमआरआय मशीन डॉक्टरांनी पेशंटसाठी शोधली आणि अणूबिणूवरचं संशोधन म्हणजे नुसता पैशाचा चुराडा. असं काही नाही भाऊ. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत आपण ज्या मशीनमध्ये झोपतो ना, तिची मुळं फिजिक्समध्येच आहेत. 1938 मध्ये राबी नावाचा फिजिक्सवाला अणुकेंद्राचं, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्याचं, चुंबकत्व मोजत होता, मग 1946 मध्ये पर्सेल आणि ब्लॉख या फिजिक्सवाल्यांनी तोच प्रकार, म्हणजे चुंबकात ठेवलेली अणुकेंद्रं रेडिओलहरींना प्रतिसाद देतात हे, मेणात अन् पाण्यात दाखवलं, पेशंट वगैरे डोक्यात नव्हताच, केंद्र कसं वागतं एवढंच पाहायचं होतं. 1973 मध्ये लॉटरबर नावाच्या केमिस्टने त्यावरून चित्र काढलं, तेही कोणाच्या मेंदूचं नाही, पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं! डॉक्टर लोकांचं काम मोठंच, पण ते या मूळ फिजिक्सच्या नंतरचं.

आणि आतला मॅग्नेट? बहुतेक मशीनमध्ये तो उणे 269 डिग्रीच्या हेलियममध्ये थंड ठेवतात, म्हणजे पुन्हा 1911 ची, ओनेस या फिजिक्सवाल्याने शोधलेली सुपरकंडक्टिव्हिटी (खूप थंडीत तारेचा विजेला होणारा अडथळा नाहीसा होणं) आलीच. तेव्हा तर दवाखान्यात याचा काही उपयोग होईल असं कोणाच्या गावीही नव्हतं.

मेसेजमध्ये एक्स-रेसारखं रेडिएशन लागतं असंही लिहिलंय, तेही चूक, यात रेडिओलहरी असतात.